शर्यतीचं नाव, प्रायोजकाचा पैसा आणि बातमीदाराचं घड्याळ

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत धावते. अंतर २४०० मीटर, घोडे चार वर्षांचे, नर-मादी दोन्ही. पहिली डर्बी १९४३ ची. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ जिंकली होती, आणि तिच्या पाठीवर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. तेव्हा डर्बीच्या नावाआधी दुसरं कुणाचं नाव नव्हतं. १९८० च्या दशकात मॅक्डॉवेल आलं, पुढे त्याच समूहाचं किंगफिशर आलं आणि अलीकडे विल्लू सी. पूनावाला हे नाव आलं. रेसकार्डवर, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या छापील पत्रिकेवर, नाव इतक्या वेळा बदललं, पण अंतर तेच राहिलं, वयाची अट तीच राहिली, पहिल्या श्रेणीचा दर्जाही तोच राहिला.

रेसवर मराठीत लिहू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हेच नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. प्रायोजक नाव विकत घेतो, शर्यत विकत घेत नाही. शर्यत म्हणजे तिच्या अटी: अंतर, वय, पाठीवरचं वजन, दर्जा. त्या शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या हातात असतात. बातमीत या दोन गोष्टींची गल्लत झाली की आधी वाचकाचं नुकसान होतं आणि मग शर्यतीचं.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. प्रायोजकाच्या नावासकट पूर्ण नाव बातमीत एकदाच, पहिल्या किंवा दुसऱ्या वाक्यात द्यायचं. पैसे त्याने दिले आहेत, तेवढा त्याचा हक्क आहे. त्यापुढे मात्र फक्त ‘डर्बी’. मथळ्यात नुसतं ‘इंडियन डर्बी’. निकालाच्या चौकटीत पुन्हा पूर्ण नाव. आणि आपल्या स्वतःच्या नोंदवहीत, जिथे वर्षानुवर्षांची यादी ठेवतो तिथे, मूळ नावाखाली नोंद करून प्रायोजकाचं नाव वेगळ्या रकान्यात टाकायचं. हा रकाना नसला की दहा वर्षांनी यादी तुटते.

ती कशी तुटते ते इंग्लंडमध्ये बघायला मिळतं. न्यूबरीची हेनेसी गोल्ड कप १९५७ मध्ये सुरू झाली. पहिली चेल्टनहॅमला धावली, १९६० पासून न्यूबरीला आली. १९६४ आणि १९६५ ला ती आर्कल या घोड्याने जिंकली. सुरू झाली तीच प्रायोजकाच्या नावाने, त्यामुळे त्या नावामागे दुसरं नाव नव्हतंच. २०१६ नंतर हेनेसी बाहेर पडली आणि शर्यत लॅडब्रोक्स ट्रॉफी झाली. २०२२ पासून कोरल गोल्ड कप. शर्यत तीच, मैदान तेच, पण नवा वाचक ‘आर्कलने कोरल गोल्ड कप जिंकली होती का’ असं शोधायला गेला तर काहीच हाती लागत नाही. उलट एप्सम डर्बीला १९८४ मध्ये एव्हर रेडी ही पहिली प्रायोजक मिळाली. पुढे व्होडाफोन, इन्व्हेस्टेक, काझू, बेटफ्रेड असे बदल झाले, पण ‘डर्बी’ हा शब्द १७८० पासूनचा असल्याने जागचा हलला नाही. आपल्याकडे इंडियन डर्बीची गत एप्समसारखी आहे, आणि पूनावाला ब्रीडर्स मल्टिमिलियनची हेनेसीसारखी. प्रायोजकाचं नाव काढलं तर मागे ‘मल्टिमिलियन’ एवढंच उरतं. अशा शर्यतीबद्दल लिहिताना अंतर, वयाची अट आणि सुरुवातीचं वर्ष दरवेळी द्यावं. नाव गेलं तरी माग राहतो.

नावांच्या गोंधळाचा आणखी एक मासला इंग्लंडमधल्याच ग्रँड नॅशनल या शर्यतीचा. १९८४ पासून सीग्रॅम ही मद्य कंपनी प्रायोजक होती. १९९१ ला, त्या नावाखालच्या शेवटच्या वर्षी, जिंकलेल्या घोड्याचं नावही सीग्रॅमच. त्या घोड्याशी कंपनीचा काही संबंध नव्हता. कंपनीच्या प्रमुखाला तो घोडा दोनदा देऊ केला होता आणि त्याने घेतला नव्हता. ‘सीग्रॅमने जिंकली’ एवढंच छापलं तर वाचकाला कंपनीचा घोडा वाटणार. अशा वेळी एक वाक्य खर्च करून मालकी स्पष्ट करावीच लागते.

आता पैशाकडे. ‘डर्बी अमुक कोटींची’ असं छापून येतं. या आकड्यामागे चार-पाच वेगळे आकडे असू शकतात, आणि ते विचारून घेतल्याशिवाय लिहू नयेत. बक्षिसाच्या रकमेत, म्हणजे स्टेक्समध्ये, तीन ओढे येऊन मिळतात: क्लबचे स्वतःचे पैसे, प्रायोजकाचे पैसे आणि मालकांनी टप्प्याटप्प्याने भरलेली प्रवेश फी. मोठ्या शर्यतीची नोंदणी महिनोन् महिने आधी सुरू होते. प्रत्येक टप्प्याला घोडा ठेवायचा तर आणखी फी, काढायचा तर आधी भरलेली फी बुडते. ती बुडालेली फी बक्षिसातच जाते. म्हणून जाहीर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष वाटलेली रक्कम यांत फरक पडतो.

क्लबच्या माणसाला विचारायचे प्रश्न असे. हा आकडा एकूण बक्षिसाचा की विजेत्याच्या वाट्याचा? त्यात चषकाची किंमत धरली आहे का? पैदासकाराला मिळणारी रक्कम यातच आहे की वेगळी? प्रायोजकाने दिलेले पैसे थेट बक्षिसात गेले, की क्लबला फी म्हणून मिळाले आणि बक्षीस क्लबने आपल्या खिशातून दिलं? शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. दोन प्रायोजकांनी सारखीच रक्कम दिली असेल, पण एकाची मालक, ट्रेनर, जॉकी यांच्यापर्यंत पोचते आणि दुसऱ्याची तंबू, जेवण, बँड आणि फलकांवर संपते. बातमीत दोन्ही ‘प्रायोजकत्व’च.

प्रायोजकाला त्या बदल्यात काय मिळतं? शर्यतीचं नाव, समालोचनात त्या नावाचा ठरावीक वेळा उच्चार, फिनिशच्या खांबाजवळचा फलक, घोड्यांच्या नंबराच्या कापडावर चिन्ह, विजेत्याच्या अंगावर टाकायची झूल, बक्षीस देताना मागचा पडदा, आणि पाहुण्यांसाठी जागा. यात सर्वांत मोलाची जागा फिनिशच्या खांबाची. शर्यत जिंकतानाचा फोटो वर्तमानपत्रात हमखास येतो आणि त्यातला फलक कुणाला कापता येत नाही. मागचा पडदा मात्र फोटो संपादक बिनदिक्कत कापतो. म्हणून जाणते प्रायोजक खांबाजवळची जागा आधी मागतात.

करारात कच्ची राहणारी बाजू म्हणजे शर्यत झालीच नाही तर काय. १९९३ ची ग्रँड नॅशनल आठवून बघा. तेव्हा शर्यतीवर मार्टेल या प्रायोजकाचं नाव होतं. सुरुवात दोनदा चुकली, आणि दुसऱ्या वेळी ३९ पैकी ३० जॉकींना परत बोलावल्याचं कळलंच नाही. ते धावत राहिले. एशा नेस हा घोडा पहिला आला आणि शर्यत रद्द ठरली. प्रायोजकाचं नाव त्या दिवशी जगभर गेलं, पण फजितीसोबत. पुण्याच्या पावसाळी हंगामात तर ट्रॅक धोक्याचा झाला म्हणून दिवस रद्द होणं हे नेहमीचं भय. शर्यत पुढे ढकलली तर नाव तिच्यासोबत जातं का, मैदान बदललं तर काय, रद्द झाली तर पैसे परत की पुढच्या वर्षी, हे तिन्ही प्रश्न प्रायोजक जाहीर होतो त्याच दिवशी विचारावेत. रद्द झाल्यावर विचारले तर उत्तर मिळत नाही.

प्रायोजकाचं वजन आज इतकं का वाढलं, याचं कारण करात आहे. रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात ठरवलं. पण कर लावताना कौशल्य आणि जुगार यांतला हा फरक कामाला आला नाही. २०१७ पासून जीएसटी २८ टक्के, तोही क्लबच्या कमिशनवर नाही तर डावाच्या पूर्ण दर्शनी रकमेवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच ४० टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या डावावर ४० रुपये कर, तुम्ही जिंका किंवा हरा. क्लबला त्या शंभरातून मिळतो तो लहानसा हिस्सा. शिवाय १०,००० रुपयांच्या वर जिंकलं तर ३० टक्के टीडीएस. खुल्या, हिशोबातल्या खिडकीवर इतकं ओझं घातल्यावर पैसा बेकायदा बुकीकडे वळतो, जिथे यातलं काहीच कापलं जात नाही. माझं ठाम मत आहे की हा कर रेसचं कंबरडं मोडणारा आहे आणि सरकारी तिजोरीलाही त्याचा पुरता लाभ नाही. टोटची, म्हणजे क्लबच्या अधिकृत बेटिंग खिडकीची, उलाढाल आटली की बक्षिसाचे पैसे आटतात, आणि मग क्लब प्रायोजकाकडे बघतो. तिथून दबाव बातमीदारापर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

प्रायोजक कोण होऊ शकतो, यालाही कायद्याचं कुंपण आहे. सिगारेट आणि तंबाखूला २००३ च्या कायद्याने प्रायोजकत्वाची दारं बंद झाली. दारूची थेट जाहिरात टीव्हीवर चालत नाही, म्हणून त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीताच्या सीडी पुढे येतात. ऑनलाइन बेटिंगच्या जाहिराती घेऊ नका अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये माध्यमांना दिली. इंग्लंडमध्ये मात्र अनेक मोठ्या शर्यतींवर बेटिंग कंपन्यांची नावं झळकतात. हे लक्षात ठेवायचं ते अशासाठी की शर्यतीच्या नावातच एखादं ब्रँड असेल तर ‘बातमी म्हणून नाव दिलं’ आणि ‘नाव बातमीत घुसवलं’ यांतली सीमा पुसट होते. एकदाच नाव देण्याचा जो नियम वर सांगितला, तो इथे उपयोगी पडतो.

पूनावालांचं उदाहरण वेगळं आहे आणि सरळ लिहिण्याजोगं आहे. त्यांचा धंदाच घोड्यांतून आला. पुण्याच्या स्टड फार्मवरचे (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवरचे) निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला सीरम बनवण्यासाठी दिले जात. त्या अनुभवातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हे घराणं पैदासकार आहे, मालक आहे आणि प्रायोजकही आहे. आपल्याच नावाच्या शर्यतीत आपलाच घोडा धावणं यात बेकायदा काही नाही, जगभर असं होतं. पण बातमीत ते एका वाक्यात सांगितलं पाहिजे: हा घोडा प्रायोजकांच्या मालकीचा किंवा त्यांच्या फार्मवर जन्मलेला आहे. वाचकाने काय समजायचं ते समजेल. न सांगणं मात्र चूक आहे. हाच नियम लिहिणाऱ्यालाही लागू. घोड्यात वाटा असेल तर त्या शर्यतीचं भाकीत दुसऱ्याने लिहावं.

आता जिथे रेस-पत्रकारितेचा खरा कस लागतो ते सांगतो. सकाळचा ट्रॅक. उजाडायच्या आधीपासून घोडे सरावाला उतरतात, आणि ती नोंद दुसऱ्या दिवशीच्या पानावर अशी येते: घोड्याचं नाव, कंसात स्वाराचं नाव, मग ‘८०० – ५३, ६००/३८. सहज धावला’. अर्थ असा की ८०० मीटर ५३ सेकंदांत, त्यातले शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत. स्वाराच्या जागी ‘आरबी’ लिहिलं असेल तर पाठीवर जॉकी नव्हता, राइडिंग बॉय होता.

६०० मीटरला ३८ सेकंद म्हणजे ताशी सुमारे ५७ किलोमीटर. तेच ४२ सेकंद म्हणजे ताशी ५१. चार सेकंदांचा हा फरक कागदावर फार मोठा दिसतो, पण एकटा आकडा काही सांगत नाही. वाळूचा ट्रॅक की गवताचा? आतला की बाहेरचा? पाठीवर किती वजन होतं? घोडा आपणहून धावला, की हात चालवून पळवला? शेजारी दुसरा घोडा होता का, आणि असेल तर त्याचं रेटिंग, म्हणजे क्लबने दिलेले कुवतीचे गुण, किती? ५० किलोच्या आतल्या मुलाला घेऊन ढकलत ढकलत काढलेले ३७ सेकंद आणि पूर्ण वजनाच्या जॉकीने मुठीत लगाम धरून काढलेले ३९ सेकंद यांत मी दुसऱ्याला वर ठेवीन. म्हणून शेवटचे दोन शब्द, ‘सहज धावला’, ‘दामटला’, ‘जोडीदारापुढे फिका’, हे आकड्याइतकेच तोलून लिहायचे असतात. दर घोड्याला ‘छान धावला’ लिहिणारा बातमीदार वाचकाचे पैसे बुडवतो.

घड्याळाची चूक कुठे होते? सुरुवातीला. घोडा ६०० च्या खांबाशी आला की बटण दाबायचं, पण लांबून बघताना खांब आणि घोडा एका रेषेत येतात ते तुमच्या नजरेच्या कोनाप्रमाणे. हाताचा उशीर धरून ०.३ सेकंद सहज चुकतात. त्या वेगात ०.३ सेकंद म्हणजे साधारण पाच मीटर, म्हणजे घोड्याच्या दोन लांब्या. त्यामुळे हातघड्याळाच्या नोंदीत सेकंदाचे तुकडे छापूच नयेत. पूर्ण सेकंद द्यावा, आणि एकाच जागेवरून रोज वेळ घ्यावी. जागा बदलली की कालच्या नोंदीशी आजची तुलना संपली.

दुसरी चूक ओळखीची. पहाटेच्या उजेडात तांबूस घोडे सगळे सारखेच. चेहऱ्यावरचा पांढरा पट्टा, कोणता पाय पांढरा, नंबराचं कापड, ट्रेनरच्या तबेल्याचे रंग, आणि यांतून खात्री झाली नाही तर मोतद्दाराला विचारायचं. तो घोड्याला चालवत परत नेत असतो तेव्हा सांगतो. खात्री नसेल तर नोंद गाळावी. एका घोड्याचा सराव दुसऱ्याच्या नावावर छापणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे, कारण तिच्यावर लोक पैसे लावतात.

मराठीत लिहिताना नावांची एक जादा अडचण आहे. घोड्यांची नावं रोमन लिपीत नोंदवलेली असतात, आंतरराष्ट्रीय नियमाने अठरा अक्षरांच्या आत, आणि त्यात फ्रेंच, इटालियन, अरबी काहीही असतं. एकच घोडा एका पानावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिला गेला तर वाचकाला दोन घोडे वाटतात. हंगाम सुरू होताना एक वही करावी, समालोचक जसा उच्चार करतो तसं देवनागरी नाव ठरवावं, आणि पुन्हा बदलू नये.

भाकिताचा पाया वजनाच्या गणितात आहे. चौथ्या वर्गाची शर्यत ‘रेटिंग २० ते ४६’ अशी जाहीर होते, तिसऱ्या वर्गाची ‘४० ते ६६’. रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त, एक रेटिंग म्हणजे अर्धा किलो. २० ते ४६ मध्ये वरच्या आणि खालच्या घोड्यात २६ गुणांचं, म्हणजे १३ किलोचं अंतर. मागच्या वेळी तीन लांब्यांनी जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग आठने वाढलं तर तो आता चार किलो जास्त घेऊन धावणार. ‘मागच्या खेपेला सहज जिंकला’ एवढ्यावर त्याला पसंती देणं म्हणजे हे चार किलो विसरणं. वर्ग चढला असेल तर वेगळंच. ४६ वर होता तेव्हा तो सर्वांत जड होता. ५२ वर तिसऱ्या वर्गात गेला की मधल्या वजनाचा होतो, पण समोरचे घोडे जास्त चांगले. डर्बीसारख्या शर्यतीत हे गणित चालत नाही. तिथे वजन ठरलेलं, फिलीला (तरुण घोडीला) थोडी सूट, आणि मग अंतर पेलतं का हाच प्रश्न. १६०० मीटरची ‘दोन हजार गिनी’ ही शर्यत जिंकलेला घोडा २४०० ला शेवटच्या वळणावर संपलेला बऱ्याचदा दिसतो. त्याच्या आई-बापाची कामगिरी किती अंतरावरची होती हे म्हणूनच बघावं लागतं.

मैदानाची अवस्था पेनिट्रोमीटरने मोजतात. ठरावीक उंचीवरून वजन टाकून सळई जमिनीत किती रुतते ते बघायचं. आकडा लहान तर जमीन टणक, मोठा तर मऊ. महालक्ष्मीला हिवाळ्यात तो फारसा हलत नाही. पुण्यात रात्रीत पाऊस पडला की सकाळी छापून आलेलं भाकीत दुपारी शिळं. म्हणून पुण्याच्या हंगामात प्रत्येक शर्यतीत ओल्या मैदानावर धावलेला एक घोडा वेगळा नमूद करावा. जागा एका ओळीची लागते आणि वाचक ती जपून ठेवतो.

निकाल लिहिणं हे यांत्रिक काम समजलं जातं. तसं ते नाही. नमुन्यादाखल एक ओळ घेऊ: ‘लाँग नेक, १¾, २½. १ मि. १२.३४ से. ₹४५ विन, १६, २०, १२ प्लेस. एसएचपी ३८, एफपी २१०, क्यू १५०, टानाला ८००.’ आधी अंतरं: पहिला आणि दुसरा यांत लांब मानेएवढं, पुढे पावणेदोन लांब्या, पुढे अडीच. मग वेळ. मग दहा रुपयांच्या तिकिटावरचे लाभ. विन ४५ म्हणजे दहाचे पंचेचाळीस, निव्वळ फायदा पस्तीस. प्लेस पहिल्या तीन घोड्यांवर. एसएचपी दुसऱ्या आलेल्या घोड्यावर, एफपी पहिले दोन नेमक्या क्रमाने, क्यू तेच दोन कोणत्याही क्रमाने, टानाला पहिले तीन नेमक्या क्रमाने.

पाठवण्याआधी नजर फिरवायच्या जागा ठरलेल्या. एफपी क्यूपेक्षा लहान असेल तर आकडे उलटे पडले असण्याची शक्यता दाट. विनपेक्षा प्लेस मोठं दिसलं तर पुन्हा विचारा. डेड हीट असेल, म्हणजे दोन घोडे बरोबरीने पहिले आले असतील, तर दोन्ही घोड्यांचे विन लाभ वेगवेगळे येतात. एकच आला असेल तर एक राहिला आहे. आणि हरकत किंवा स्टुअर्डची, म्हणजे शर्यतीच्या पंचांची, चौकशी चालू असेपर्यंत, जॉकींचं वजन करून निकाल पक्का जाहीर होईपर्यंत, काहीही पाठवायचं नाही. डर्बीच्या दिवशी प्रायोजकाच्या प्रसिद्धीखात्याकडून आधीच तयार केलेला ‘विजेत्या मालकाचा आनंद’ पाच मिनिटांत येऊन पडतो. तो थांबू शकतो.

त्या दिवसाच्या गडबडीत जी गोष्ट हटकून राहते ती म्हणजे स्टुअर्डचा अहवाल. कुठला घोडा सुटताना मागे राहिला, कुणाचा नाल निखळला, कोण आत झुकला, कुणाच्या नाकातून रक्त आलं. फेव्हरिट का हरला याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. नाकातून रक्त आलेल्या घोड्याला काही काळ धावायला बंदी होते, म्हणजे पुढच्या भाकितावरही त्याचा परिणाम. आणि एखाद्या घोड्याचा पाय मोडला, त्याच्याभोवती पडदे लावावे लागले, तर ते लिहायचंच. घोड्याचं नाव, किती मीटर बाकी असताना, कोणता पाय, जॉकी कसा आहे, पशुवैद्यांनी काय ठरवलं. प्रायोजकाच्या पानभर पुरवणीत ही बातमी शोभत नाही असं कुणी सुचवलं तर ऐकू नये. ज्या जनावराच्या जिवावर हा सगळा दिवस उभा आहे त्याच्याबद्दल गप्प बसून बाकीचं काय लिहायचं?

उरला फोटो. बक्षीस समारंभाच्या फोटोखाली ‘डावीकडून’ अशी नावं येतात: प्रायोजकांचे प्रतिनिधी, त्यांच्या पत्नी, मालक, ट्रेनर, जॉकी. घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून उभा असलेला माणूस बिननावाचा राहतो. तो मोतद्दार. पहाटे घोड्याला बाहेर काढणारा, सरावानंतर चालवून गार करणारा, पायाला पट्ट्या बांधणारा, रात्री चारा उरला की ट्रेनरला सांगणारा. क्लबच्या प्रसिद्धीपत्रकात त्याचं नाव नसतं, रेसकार्डवर नसतं, त्यामुळे तिथल्या तिथे विचारावं लागतं. झूल टाकून फोटो झाला की तो घोडा घेऊन निघतो आणि मग पाणी, आंघोळ, डोपिंगच्या नमुन्यासाठी थांबणं यात सापडत नाही. म्हणून घोडा जिंकून परत येत असतो तेव्हाच, मैदानातून आत शिरताना, त्याच्या बाजूने चालत नाव आणि गाव विचारून घ्यायचं आणि तिथेच वहीत देवनागरीत उतरवायचं.